शाबितीचा बोजा

पेणला आमच्या आजोळच्या घरामागे एक विहीर होती. काळ्या दगडात बांधलेली, वर रहाट. मे महिन्यातही ती कधी आटली नाही याचा घरातल्या सगळ्यांना अभिमान होता. साल १९६८ असावे. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. सुट्टीत दुपारच्या वेळी परसाच्या गडग्याशी एक बाई रिकामा हंडा घेऊन येऊन उभी राहायची. ती आत येत नसे आणि हाकही मारत नसे. कुणाचे लक्ष गेले की आमच्यापैकी एखादा पोहरा ओढायचा आणि तिच्या हंड्यात वरून पाणी ओतायचा. लक्ष गेले नाही तर ती तशीच उन्हात उभी. एकदा मी आजीला विचारले, ‘‘ती स्वतः का नाही काढून घेत पाणी?’’ आजी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘चालत आलंय तसं, बाळा.’’

आजी दुष्ट नव्हती. त्या बाईच्या पोराला ताप आला तेव्हा काढा करून देणारीही तीच. पण ‘चालत आलंय’ हे उत्तर तिला पुरेसे वाटत होते, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते पुरले. मी पुन्हा खेळायला गेलो.

पुढे बँकेच्या नोकरीत मी रोह्याला शाखाधिकारी झालो. तिथे कर्जवसुलीच्या दाव्यांच्या निमित्ताने एका वृद्ध वकीलसाहेबांच्या घरी जाणे-येणे सुरू झाले. त्यांच्या कपाटात हायकोर्टाच्या निकालांचे जुने बांधीव खंड होते. एका संध्याकाळी त्यांनी त्यातला एक खंड काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘‘कथा-कादंबऱ्या लिहिता ना तुम्ही? मग हे वाचा. आपल्याच जिल्ह्यातलं आहे.’’ तो महाडच्या चवदार तळ्याचा निकाल होता. आजीच्या त्या दोन शब्दांवर नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला होता आणि हायकोर्टातल्या दोन न्यायमूर्तींना त्यावर निर्णय द्यावा लागला होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. निकाल सांगणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव होते ब्रूमफील्ड.

नाव ओळखीचे वाटले, पण कुठे वाचले ते आठवेना. वकीलसाहेब हसले. म्हणाले, ‘‘गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारा तोच हा.’’

तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्याकडे न्यायाधीशांविषयी फारसे लिहिले जात नाही. रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा आपण शाळेत शिकतो, न्यायमूर्ती रानड्यांचे नाव घेतो, पण रानडे आठवतात ते समाजसुधारक म्हणून. हायकोर्टाच्या खुर्चीवर बसून वर्षानुवर्षे अपिले ऐकणाऱ्या माणसाचे आयुष्य कथेला सोयीचे नसते. त्यात प्रसंग नसतात, फायली असतात. पण रॉबर्ट ब्रूमफील्ड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या वाट्याला असे तीन प्रसंग आले की त्यांतून अर्ध्या हिंदुस्थानचा इतिहास डोकावतो. त्या तीन प्रसंगांतून मला जे उमगले ते आज सांगायचे आहे.

पहिला प्रसंग अहमदाबादचा. १८ मार्च १९२२. ब्रूमफील्ड तेव्हा तिथे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. असहकाराची चळवळ चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी मागे घेतली होती आणि सरकारने ती संधी साधून त्यांना पकडले होते. ‘यंग इंडिया’तील तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा आरोप, कलम १२४-अ. बरोबर आरोपी म्हणून प्रकाशक शंकरलाल बँकर. शाहीबागेतल्या सर्किट हाऊसमध्ये न्यायालय भरले. आरोपीने गुन्हा कबूल केला. एवढेच नव्हे, तर न्यायाधीशांपुढे दोनच मार्ग ठेवले: हा कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, चांगला वाटत असेल तर मला कठोरात कठोर शिक्षा द्या.

ब्रूमफील्ड यांनी राजीनामा दिला नाही. पण आरोपीला चार शब्द सुनावण्याची जी संधी सरकारी न्यायाधीश सहसा सोडत नसत, ती त्यांनी सोडली. कायदा माणूस पाहत नाही, असे ते म्हणाले. पण आजवर ज्यांचा न्याय केला वा पुढे कधी करावा लागेल त्या सर्वांहून तुम्ही वेगळ्या कोटीतले आहात, हेही त्यांनी भर न्यायालयात मान्य केले. लोकमान्य टिळकांना याच कलमाखाली झालेल्या शिक्षेचा दाखला घेऊन त्यांनी सहा वर्षांची साधी कैद सुनावली, आणि पुढे परिस्थिती निवळून सरकारला ही मुदत कमी करता आली तर माझ्याइतका आनंद दुसऱ्या कुणाला होणार नाही, असेही सांगितले. गांधीजींनी न्यायालयाच्या सौजन्याबद्दल आभार मानले. दोन वर्षांच्या आतच, ५ फेब्रुवारी १९२४ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयातील शस्त्रक्रियेनंतर सरकारने त्यांना सोडले.

या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मात्र त्यात एक बोच जाणवते. इतके सौजन्य असूनही शिक्षा झालीच. कायदा परक्यांचा होता, अन्याय्य होता, आणि न्यायाधीशाला हे कळत नसेल असेही नाही. पण कबुली समोर होती, लेख समोर होते, कलम समोर होते. पुराव्यापलीकडे जाण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांनी मानले नाही.

दुसरा प्रसंग बारडोलीचा. सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्याचा शेतसारा मुंबई सरकारने सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला. त्याविरुद्ध १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी साराबंदीचा सत्याग्रह केला. जमिनी जप्त झाल्या, गुरे लिलावात गेली, पण शेतकरी वाकले नाहीत. अखेर ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. चौकशीसाठी दोन अधिकारी नेमले गेले, महसूल खात्याचे मॅक्सवेल आणि न्यायखात्याचे ब्रूमफील्ड. ज्याने गांधीजींना तुरुंगात धाडले तोच आता सरकारचा हिशेब तपासायला आला, म्हणजे निकाल काय लागणार हे ठरलेलेच, असे कुणाला वाटले असेल तर त्यात नवल नव्हते.

पण हे दोघे गावोगाव फिरले. शेतकऱ्यांच्या जबान्या घेतल्या. शेतकऱ्यांची बाजू मांडायला भुलाभाई देसाईंसारखे नामांकित वकील उभे राहिले होते. चौकशीत निघाले ते असे की, ज्या खंडाच्या आकड्यांवर साऱ्याची वाढ ठरवली होती ते आकडेच नीट पडताळून घेतलेले नव्हते. कागद होता, त्यावर सही होती, शिक्का होता. फक्त तो खरा नव्हता. बावीस टक्क्यांची वाढ समितीने सुमारे सहा टक्क्यांवर आणली. मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. शेतावर पाऊल न ठेवता केलेले पाहणी-अहवाल कसे दिसतात ते मला ठाऊक आहे. ते नेहमी फार सुबक असतात. वरिष्ठांनी केलेला असा अहवाल उघड्यावर आणायला काय लागते, तेही मला ठाऊक आहे.

इथे ब्रूमफील्ड सरकारच्या विरुद्ध गेले आणि अहमदाबादला सरकारच्या बाजूने गेले, असे आपण म्हणतो. त्यांच्या दृष्टीने दोन्हीकडे काम एकच होते. जो दावा करतो त्याने तो शाबीत करावा. अहमदाबादला सरकारचा दावा आरोपीनेच शाबीत करून दिला. बारडोलीला सरकारला तो शाबीत करता आला नाही.

आता तिसरा प्रसंग, आपल्या जिल्ह्यातला.

पेणहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव करत महाड येते. रोह्याला जायचे तर कोलाडला फाटा फुटतो. या वाटेने मी शेकडो वेळा गेलो आहे. त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला होता की, सरकारी पैशाने बांधलेली व चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावर. तळ्याच्या चहूबाजूंनी स्पृश्यांची घरे. तिथे जाऊन ओंजळ भरण्याची कुणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो स्त्री-पुरुषांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर काय झाले ते सर्वश्रुत आहे. मंदिरात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, आणि मागाहून पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तेव्हा महाडमधील काही स्पृश्य मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो लोक महाडला जमले. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याच्या बाबतीत बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवतीने मिरवणूक काढून माणसे परत फिरली. रक्त तापलेल्या, घरून भाकरी बांधून पायी आलेल्या माणसांना ‘आज पाणी प्यायचे नाही, न्यायालयात जिंकून प्यायचे’ हे पटवून देणे किती अवघड गेले असेल, त्याची कल्पना आज आपण करू शकत नाही. न्यायालयावर असा विश्वास टाकणारा पक्षकार आणि त्या विश्वासाला जागणारे न्यायालय, या दोहोंची गाठ पडायला मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

वादींचे म्हणणे दुहेरी होते. एक, तळे खासगी मालकीचे आहे. दोन, अनादिकालापासून अशी वहिवाट आहे की हे पाणी स्पृश्यांनीच भरायचे, अस्पृश्यांनी नाही. आणि या वहिवाटीला कायद्याचे बळ आहे. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. तळे खासगी नाही, नगरपालिकेच्या ताब्यातले आहे. अस्पृश्य इथे पाणी भरत नसत हे खरे, पण तेवढ्याने त्यांना अडवण्याचा हक्क वादींना मिळत नाही, असे त्यांनी ठरवले. अपील ठाण्याला गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी तेही फेटाळले. मग मुंबई हायकोर्टात दुसरे अपील.

हे ‘दुसरे अपील’ म्हणजे काय ते थोडे समजून घेतले पाहिजे. हायकोर्ट दुसऱ्या अपिलात साक्षीदार पुन्हा तपासत नाही. काय घडले हे खालच्या कोर्टांनी ठरवलेले असते. वर प्रश्न उरतो तो फक्त कायद्याचा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्या वेळी जे कलम होते त्यात असे होते की, खालचा निकाल कायद्याच्या विरुद्ध किंवा कायद्याचे बळ असलेल्या रूढीच्या विरुद्ध असेल तर दुसरे अपील करता येते. म्हणजे ‘चालत आलंय’ या शब्दांना हायकोर्टाचा दरवाजा उघडा होता. वादी नेमके त्याच दरवाजातून आत आले.

अपील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे चालले. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळ्याचे पाणी प्यायल्याला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते, आणि अहमदाबादच्या त्या खटल्याला पंधरा वर्षे पुरी व्हायला एक. अपील खर्चासह फेटाळले गेले.

वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसून मी तो निकाल वाचला तेव्हा प्रथम माझी निराशाच झाली. मला वाटले होते, अस्पृश्यतेवर काही ज्वलंत लिहिले असेल. माणुसकीचा हवाला असेल. तसे त्यात काही नाही. पुरावा तपासायच्या कोरड्या भाषेत सारे लिहिले आहे. रूढीला कायद्याचे बळ हवे तर ती अनादि असली पाहिजे. साक्षीदार बोलले ते माणसाच्या आठवणीतल्या काळाविषयी. त्यावरून ‘अस्पृश्य इथे येत नसत’ एवढे दिसते. पण येत नसणे वेगळे आणि येऊ न देण्याचा हक्क असणे वेगळे. मंदिराच्या बाबतीत दीर्घ वहिवाटीवरून असे गृहीत धरता येईल की मंदिर मुळात अमुक जातींसाठीच अर्पण केले होते, आणि मग आपलाही त्यात हक्क आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी अस्पृश्यांवर येईल. तळ्याला तसे गृहीतक लागू होत नाही. वादींनी अनादि रूढी शाबीत केली नाही, म्हणून अपील नामंजूर.

आणि मग एक वाक्य, जे वाचून मी थबकलो. रूढी शाबीत झाली असती तर ती अवाजवी वा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता. पण आता त्याची गरज नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

‘गरज नाही.’ म्हणजे समजा महाडच्या मंडळींना तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा दस्त सापडला असता तर? मग न्यायालयाने काय केले असते? तो प्रश्न ब्रूमफील्ड यांनी उघडा सोडला. मंदिराच्या बाबतीत तर त्यांनी पारडे जवळजवळ उलट बाजूला झुकू दिले. सवर्णांच्या मनात काय आहे, माणसाने माणसाला पाण्यापासून तोडावे काय, या प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही. अहमदाबादला जी मर्यादा त्यांना अडवून गेली तीच इथेही होती. हा माणूस पुराव्यापलीकडे गेला नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही.

मी हे वकीलसाहेबांना बोलून दाखवले. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला भाषण हवं होतं. पण नीट बघा, त्यांनी केलंय काय ते. गावात शंभर वर्षं काय चाललं होतं? पाणी मागणाऱ्यानं सिद्ध करायचं की मला हक्क आहे. त्यांनी सांगितलं, अडवणाऱ्यानं सिद्ध करायचं. शाबितीचा बोजा या खांद्यावरून उचलून त्या खांद्यावर ठेवला. बोजा कुणाच्या खांद्यावर, यावरच अर्धे खटले जिंकले-हरले जातात हो.’’

बोजा हा शब्द आम्हा बँकवाल्यांच्या रोजच्या वापरातला. सातबाराच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा चढवल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही. पण वकीलसाहेबांच्या तोंडून तो ऐकला आणि मला तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, जी मी त्यांना त्या दिवशी सांगितली नाही. आज सांगतो.

रोह्याला मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावचा एक शेतकरी कर्जासाठी आला. पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातला, चाळिशीचा, हातात कागदांची नीट लावलेली पिशवी. सरकारी योजनेतून त्याच्या जमिनीत विहीर झाली होती. तिच्यावर पंप बसवून, पाइप टाकून भाजीपाला करायचा त्याचा बेत होता. पाइप एका ठिकाणी गावची वाट ओलांडून न्यावा लागणार होता. वाट ग्रामपंचायतीची. पंचायतीचा दाखला त्याने आणलाच होता. प्रकरण चोख होते. दोन दिवसांनी गावकीतले तिघे-चौघे भेटायला आले. चांगले खातेदार, ठेवी ठेवणारे. चहा प्याले. म्हणाले, ‘‘साहेब, आमचं काही म्हणणं नाही, पण त्या वाटेनं असं कधी काही नेलेलं नाही. गावात उगाच वाद नको.’’

नियमाप्रमाणे मला त्यांचे ऐकण्याचे काही कारण नव्हते. तरी मी त्या शेतकऱ्याला बोलावले आणि म्हणालो, ‘‘बाकी सगळं ठीक आहे. फक्त गावकीचं एक ना-हरकत पत्र आणा, म्हणजे झालं.’’ तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘साहेब, ते पत्र मिळत असतं तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?’’ कागद पिशवीत भरले आणि गेला. पुन्हा आला नाही. मी फाइल बंद केली. शेरा लिहिला: अर्जदाराने कागदपत्रांची पूर्तता केली नाही.

त्या फायलीत एकही खोटा शब्द नव्हता. कुणी मला जाब विचारला नाही, विचारणारही नव्हते. गावकीकडे मी साधा प्रश्न करायला हवा होता: तुमचा हक्क कुठे लिहिला आहे, दाखवा. तो मी केला नाही. बोजा उचलून ज्याच्या खांद्यावर तो पिढ्यान्पिढ्या होता त्याच्याच खांद्यावर परत ठेवला. माझ्या आजीने तांदूळ निवडता निवडता जे केले तेच मी टेबल, खुर्ची आणि रबरी शिक्का घेऊन केले. तो निकाल मला आधी वाचायला मिळाला असता तर मी वेगळे वागलो असतो काय? सांगता येत नाही. पण निदान आपण काय करतो आहोत ते मला कळले असते.

निकालाने तळे मोकळे झाले म्हणजे गावोगावचे पाणवठे मोकळे झाले, असे नव्हे. त्यासाठी २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेचे सतरावे कलम लागले. ब्रूमफील्ड यांनी उघडा सोडलेला प्रश्न त्या कलमाने कायमचा मिटवला: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. आता तीनशे वर्षांचा काय, तीन हजार वर्षांचा दस्त आणला तरी उपयोग नाही. आणि ती घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष त्याच दाव्यातले प्रतिवादी होते. १९५५ साली अस्पृश्यता हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवणारा कायदा आला. पण माझ्या आजोळच्या गडग्याशी ती बाई १९६८ सालीही उभीच होती. कायदा दिल्लीहून पेणला यायला एक दिवस पुरतो. गडगा ओलांडून परसात यायला पिढ्या लागतात.

मग न्यायाधीशाने नेमके काय साधले? मला वाटते, न्यायाधीशाकडून आपण चुकीची अपेक्षा करतो. त्याने क्रांती करावी असे आपल्याला वाटते. क्रांती महाडच्या तळ्यावर जमलेल्या माणसांनी केली. त्यांनी मार खाल्ला, त्यांनी दहा वर्षे वाट पाहिली. न्यायाधीशाचे काम एवढेच की, बळजोरीला ‘हक्क’ हे नाव मिळू द्यायचे नाही. कागदाचा आधार नसताना कुणी रूढीवर न्यायालयाचा शिक्का मागू लागला तर तो द्यायचा नाही. काम छोटे दिसते, पण ते न झाल्याने काय होते ते मी माझ्याच हाताने करून पाहिले आहे.

आणि हे काम फक्त कोर्टात असते असे नाही. आपल्या घराघरांत, गावकीत, सोसायटीच्या बैठकीत रोज छोटी-छोटी दुसरी अपिले चालू असतात आणि आपणच न्यायाधीश असतो. वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे कायद्यात २००५ साली पक्के झाले. पण ‘आपल्यात मुली घेत नाहीत’ असे म्हटले की सही करावी लागते तिला, आणि न केली तर खुलासाही तिनेच द्यायचा. बँकेत वारसांच्या सह्या घेताना अशा कितीतरी बहिणी मी टेबलापलीकडे खाली मान घालून बसलेल्या पाहिल्या. २०१४-१५ च्या सुमारास आपल्या रायगड जिल्ह्यातूनच वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक वर्तमानपत्रांत आल्या. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तरीही वाळीत पडलेल्या कुटुंबालाच लोक विचारतात, ‘‘तुम्ही असं काय केलंत?’’ वाळीत टाकणाऱ्यांना कुणी विचारत नाही, ‘‘तुम्हाला हा अधिकार कुणी दिला?’’ प्रश्न कुणाला विचारायचा, हे चुकले की उत्तर काहीही आले तरी अन्यायच होतो.

२० मार्च २०२७ ही महाडच्या त्या घटनेच्या शताब्दीची तारीख. त्या निमित्ताने भाषणे होतात, तशी ती व्हावीतही. पण महाडला जाताना, पेण-वडखळच्या वाहनांच्या रांगेत गाडी थांबेल तेव्हा, प्रत्येकाने आपल्या घरातली एखादी ‘चालत आलेली’ गोष्ट आठवून पाहावी. तिच्यामुळे कोण दाराबाहेर उभे आहे ते पाहावे. आणि शाबितीचा बोजा आपण कुणाच्या खांद्यावर ठेवला आहे, तेही.

आजोळचे घर अजून आहे. मामेभावाने विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. घरात नळ आले आहेत. गडगा मात्र तसाच आहे. मागच्या वर्षी गणपतीत गेलो तेव्हा थोडा वेळ त्याच्यापाशी उभा राहिलो. त्या बाईचे नाव मला ठाऊक नाही. कधी विचारलेच नाही. आजीलाही पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला. चालत आलंय, ठीक आहे. पण कधीपासून, आजी? आणि ठरवलं कुणी?